दाखल्यावरची जात आणि घरातला धम्म

महाराष्ट्र शासनाच्या समाजकल्याण खात्याची कोणतीही पाटी वाचा. विहिरीची योजना असो, घरकुलाची असो की निवासी शाळेची, 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' हे शब्द तिथे जोडीने लिहिलेले असतात. नागपूरच्या धम्मदीक्षेला सत्तर वर्षे होत आली. १४ ऑक्टोबर १९५६ ला आईच्या कडेवर बसून दीक्षाभूमीवर आलेले मूल आज नातवंडांचे आजोबा झाले आहे. ती नातवंडे बौद्ध घरातच जन्मली, तरी शासनदरबारी ती 'नव'च. जातीच्या दाखल्यावर तर 'अनुसूचित जातीतून बौद्ध धर्मात धर्मांतरित' असा उल्लेख येतो. एकदाही धर्म न बदलता 'धर्मांतरित' ठरलेली माणसे कुणाला पाहायची असतील, तर त्याने आमच्या वस्तीत यावे.

आम्ही म्हणजे १९८५ नंतर जन्मलेली, दीक्षेनंतरची तिसरी पिढी. आमच्या आजी-आजोबांना महारवाडा आठवत होता, आईवडिलांना बौद्धवाडा आठवतो, आणि आम्ही शहरातल्या बुद्धविहाराच्या आवारात क्रिकेट खेळत वाढलो. या पिढीवर दोन बाजूंनी एकच आरोप होतो. बाहेरचे म्हणतात, तुम्ही नुसते नाव बदलले आणि सवलती जुन्या नावावर घेता. आपल्यातलेच काही कडवे तरुण म्हणतात, आपल्या लोकांच्या भिंतीवर बुद्ध आणि कपाटामागे मरीआई. दोघांच्या म्हणण्याचा अर्थ एकच, की हा समाज दुतोंडी आहे. आमचे म्हणणे असे की हा दुतोंडीपणा आमच्या आज्यांनी केला नाही. एकाच माणसाला दोन उत्तरे द्यायला लावणारा कायदा इथे चाळीस वर्षे चालला. आणि घरात जे अर्धे राहिले त्याचा इतिहास आरोप करणाऱ्यांनी वाचलेला नाही.

आधी घरातले पाहू.

गावची संस्कृती सोडा, म्हणणे सोपे आहे. ती संस्कृती म्हणजे काय होते? येसकराची घुंगुरकाठी, मेल्या जनावराला ओढून नेणे, मयताचा सांगावा घेऊन पाच-दहा कोस चालत जाणे, सणाच्या दिवशी टोपले घेऊन दारोदार भाकरी मागणे. मरीआईचा गाडा महारांनी ओढायचा, दसऱ्याच्या रेड्यापाशी महाराने उभे राहायचे, आणि गाव याला 'मान' म्हणायचे. आमच्या लोकांनाही तो मान वाटत असे, हे लपवण्यात अर्थ नाही. 'बावन हक्क' सांगताना म्हाताऱ्यांची छाती फुगायची. बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' वाचा. वीरगावच्या महारवाड्यातला आषाढ महिना, अंगात येणाऱ्या बाया, रेड्याची जत्रा हे सारे त्यांनी आतून लिहिले आहे. त्यात भूक आहे, अज्ञान आहे, आणि वर्षभर राबणाऱ्या बाईला मिळणारे चार दिवसांचे मोठेपणही आहे. अंगात आलेल्या बाईच्या पाया सासूसुद्धा पडते. असे मोठेपण सोडून द्यायला काय लागत असेल?

शिवाय तो मान पोटाशी बांधलेला होता. वतन हीच गुलामीची साखळी आहे, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबईच्या विधिमंडळात वतनाचे विधेयक आणले होते. वतने प्रत्यक्ष गेली ती १९५८ च्या कायद्याने. म्हणजे ज्या दोन-तीन वर्षांत देव गेले, त्याच दोन-तीन वर्षांत बलुतेही गेले. जिने देव्हारा रिकामा केला तिच्या चुलीवरचे धान्यही त्याच सुमारास कमी झाले. धर्मांतराला 'नाव बदलणे' म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात घ्यावी.

आणि नवे काय करायचे हे सांगायला कोण होते? दीक्षेनंतर त्रेपन्न दिवसांनी, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ १९५७ साली छापून आला, तोही इंग्रजीत. हाताशी होत्या बावीस प्रतिज्ञा, त्रिशरण-पंचशील, एक छोटे पूजापाठाचे पुस्तक आणि भारतीय बौद्ध महासभेचे मोजके कार्यकर्ते. भिक्खू तर बोटांवर मोजण्याइतके. बारसे कसे करायचे, लग्नात काय म्हणायचे, माणूस गेल्यावर तेराव्याऐवजी काय करायचे, हे सगळे लोकांनी स्वतः बसवले. लग्नपत्रिकेवर 'शुभविवाह' जाऊन 'मंगल परिणय' आले. नवरीने पांढरी साडी नेसली, तेव्हा गावातल्या बायकांनी कुजबुज केली असणार, कारण पांढरे म्हणजे विधवेचे. ज्या रंगाला गाव अशुभ म्हणत होते तो रंग अंगावर घेऊन एक अठरा वर्षांची मुलगी पंचांगाच्या मुहूर्ताशिवाय उभी राहिली. तेराव्याच्या जागी जलदान विधी आणि पुण्यानुमोदन आले. गावोगाव बौद्धाचार्य तयार झाले. यातला कुणी गवंडी होता, कुणी गिरणी कामगार, कुणी रेल्वेतला खलाशी.

समाजशास्त्राच्या वर्गात आम्हाला 'संस्कृतीकरण' शिकवले गेले. खालच्या जाती वरच्या जातींच्या चालीरीती उचलतात, असा तो सिद्धान्त. एम. एन. श्रीनिवास यांचे नाव घेऊन तो परीक्षेत आम्हीही लिहिला आणि गुण घेतले. पण पांढऱ्या साडीतली नवरी त्यात कुठे बसते, हे कुणी विचारले नाही. ती वरच्या जातीचे अनुकरण करत नव्हती. तिच्यापुढे अनुकरण करायला या गावात नमुनाच नव्हता.

मंगळसूत्र मात्र बहुतेक घरांत राहिले. हळदही राहिली. कुठे कुठे मरीआईही राहिली, विशेषतः जिथे लेकरू आजारी पडे आणि दवाखाना लांब होता. आमच्या मते ही राहिलेली गोष्ट मोजायची असेल, तर गेलेल्या गोष्टींच्या ढिगाशेजारी ठेवून मोजावी.

नावांचा इतिहास तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. जगावे म्हणून मुलांना दगडू, धोंडू, कचरू म्हणायची रीत होती. (ही रीत इतर जातींतही होती, पण त्यांच्याकडे तिच्या जोडीला विष्णू आणि नारायणही होते.) मग सिद्धार्थ, गौतम, राहुल, मिलिंद, सुजाता, यशोधरा, संघमित्रा आले. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत कॉलेज काढले त्याला सिद्धार्थ म्हटले, आणि औरंगाबादच्या कॉलेजाला मिलिंद. त्या परिसराचे नाव नागसेनवन. म्हणजे धर्मांतराच्या आधीच शाळा-कॉलेजांच्या पाट्यांवरून आमच्या मुलांची नावे तयार होत होती. भिक्खूला प्रश्न विचारणारा राजा मिलिंद. एका विद्यार्थ्यासाठी यापेक्षा चांगले नाव आम्हाला तरी सुचत नाही.

पण नाव बदलले म्हणून आतला माणूस लगेच बदलत नाही. १९७८ साली आलेले दया पवारांचे 'बलुतं' यासाठीच मोठे पुस्तक आहे. त्यात दगडू मारुती पवार बोलतो आणि लेखक दया पवार ऐकतो. एकाच माणसाची दोन नावे एकमेकांसमोर बसली आहेत, एक महारवाड्यातले आणि एक ऑफिसातले. बाबुराव बागुलांनी त्याआधीच, १९६३ साली, 'जेव्हा मी जात चोरली होती' लिहिले. परमुलखात नोकरीसाठी गेलेला शिकलेला तरुण, भाड्याची खोली, आणि उघडे पडण्याची भीती. आज आमची मुले पुण्यात, बंगळूरला खोली शोधतात तेव्हा घरमालक आडनाव विचारतो, मग गाव विचारतो, मग 'मटण वगैरे खाता का' असे विचारतो. साठ वर्षांत प्रश्नांची भाषा सभ्य झाली आहे.

आता चोखोबा. आमच्या कित्येक पणजोबांच्या गळ्यात तुळशीमाळ होती. पंढरपूरला नामदेव पायरीपाशी चोखोबाची समाधी आहे आणि तिथून पुढे महाराला प्रवेश नव्हता. धर्मांतरानंतर वारी सुटली, माळ उतरली. ही तूट खरी आहे, आणि ती बोलून दाखवणाऱ्याला लगेच 'मागे फिरला' म्हणू नये. बाबासाहेबांनी स्वतः 'द अनटचेबल्स' हा १९४८ चा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीला अर्पण केला आहे. त्यांचे वडील रामजी सुभेदार कबीरपंथी. घरात दोहे, अभंग, रामायण-महाभारत. मॅट्रिक झाल्यावर १९०७ साली केळुस्कर गुरुजींनी हातात ठेवलेले बुद्धचरित्र. लष्करी छावणीत जन्म, साताऱ्यात शाळेत गोणपाटावर वेगळे बसणे, पुढे न्यूयॉर्क आणि लंडन. दोन काय, चार संस्कृतींच्या मध्ये वाढलेला हा माणूस. त्याने आपले तीन गुरू सांगितले, बुद्ध, कबीर आणि फुले. आईवडिलांकडून आलेल्यातले नेमके काय ठेवायचे हे त्याने निवडून घेतले. कबीर ठेवला, व्रतवैकल्ये सोडली.

त्याच ग्रंथात बाबासाहेबांनी मांडले की अस्पृश्य हे मूळचे 'वाताहत झालेले लोक', बुद्धाचा मार्ग न सोडल्यामुळे अस्पृश्य ठरवले गेलेले. या सिद्धान्तावर इतिहासकार वाद घालतात, घालोत. आम्हाला इथे एवढेच नोंदवायचे आहे की त्याने आमच्या आजोबांना भूतकाळ दिला. त्या भूतकाळात ते कुणाचे येसकर नव्हते. 'नवबौद्ध' या शब्दाचा राग येतो तो याचमुळे. ज्याला आम्ही घरी परतणे म्हणतो, त्याला सरकार आजही नवी भरती समजते.

आणि सगळेच सुटले असेही नाही. जात्यावरच्या ओव्या घ्या. गी पॉतवँ आणि हेमा राइरकर यांच्या प्रकल्पात महाराष्ट्रातल्या खेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या, आणि त्यांत भीमरायावरच्या ओव्यांचा मोठा साठा आहे. जाते तेच, चाल तीच, पहाटेची वेळ तीच. ज्या ठिकाणी विठ्ठल यायचा तिथे भीमराव आला, भावाच्या नात्याने, बापाच्या नात्याने. लिहिता न येणाऱ्या बायांनी गळ्यात असलेला साचा घेतला आणि आतला देव काढून माणूस बसवला. तमाशा-गोंधळाच्या अंगाने आंबेडकरी जलसा उभा राहिला, पुढे वामनदादा कर्डकांनी गावेच्या गावे जागवली. 'लोकसंस्कृती की धम्म' असा झगडा आजचे काही विद्वान लावतात, त्यांनी या ओव्या ऐकाव्यात. भांडण लागायच्या आधीच आमच्या आज्यांनी ते मिटवले होते.

आता कागद.

राष्ट्रपतींच्या १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात तिसरे कलम आहे. हिंदू सोडून इतर धर्म मानणारा कुणीही अनुसूचित जातीचा समजला जाणार नाही, असा त्याचा मूळ आशय. शीख धर्मीयांचा समावेश १९५६ साली पूर्ण झाला. त्याच वर्षी आमच्या लोकांनी बौद्ध धम्म घेतला आणि केंद्राच्या यादीतून ते बाहेर पडले. पाणवठा तोच, वेस तीच, बहिष्कार तोच, पण कायद्याच्या लेखी एका दुपारीत अस्पृश्यता संपली! महाराष्ट्र राज्य झाल्यावर राज्यापुरत्या सवलती नवबौद्धांना मिळाल्या. केंद्राची शिष्यवृत्ती, केंद्राची नोकरी, राखीव मतदारसंघ यांच्यासाठी मात्र कागदावर हिंदू असणे भाग होते. ६ डिसेंबर १९६४ ला दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने देशभर भूमिहीनांचा जो सत्याग्रह सुरू केला, त्याच्या मागण्यांमध्ये जमिनीच्या जोडीला हीही मागणी होती. ती पूर्ण व्हायला १९९० उजाडले. व्ही. पी. सिंग यांच्या सरकारने कायदा दुरुस्त करून 'बौद्ध' हा शब्द त्या कलमात घातला.

या चौतीस वर्षांत एका बापाने शाळेच्या रजिस्टरवर काय लिहायचे? 'बौद्ध' लिहिले तर पोराची केंद्राची वाट बंद. 'हिंदू महार' लिहिले तर स्वतःच्या प्रतिज्ञेला तडा. हजारो बापांनी 'हिंदू महार' लिहिले, आणि घरी येऊन त्याच पोराला पंचशील पाठ करायला बसवले. आमच्यातल्या अनेकांच्या वडिलांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आजही तेच शब्द आहेत. पुढे जात पडताळणीच्या वेळी कार्यालयातला बाबू विचारतो, 'आजोबा हिंदू, वडील हिंदू, तुम्ही बौद्ध कसे?' यावर काय उत्तर द्यायचे? टेबलापलीकडच्या माणसाला १९५० चा आदेश समजावून सांगायला वेळ नसतो.

जनगणनेचे आकडे हीच गोष्ट बोलतात. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९५१ साली बौद्ध होते २,४८७. १९६१ साली २७,८९,५०१. एवढी मोठी उडी, तीही बाबासाहेब नसताना. १९७१ साली ३२,६४,२२३, म्हणजे दहा वर्षांत सुमारे १७ टक्के वाढ, आणि त्याच दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या २७ टक्क्यांहून जास्त वाढली. १९८१ साली ३९,४६,१४९, पुन्हा राज्यापेक्षा कमी वेग. बौद्धांच्या घरांत मुले जन्मायची थांबली होती काय? १९९० ला कायदा बदलला आणि काही महिन्यांतच झालेल्या १९९१ च्या जनगणनेत आकडा ५०,४०,७८५ वर गेला. वाढ जवळपास २८ टक्के, राज्यापेक्षा जास्त. माणसे तीच होती. खरे उत्तर देण्याचा दंड तेवढा उठला होता.

पुढच्या दोन जनगणनांत वेग पुन्हा राज्याच्या सरासरीखाली आला. २०११ साली बौद्ध ६५,३१,२००. यावरून भाषणांतून 'समाज मागे फिरला' असा सूर निघतो. आम्हाला ते घाईचे वाटते. शिक्षण वाढले, शहरात स्थलांतर झाले, कुटुंबे लहान झाली, हे वस्तीत काम करताना आम्ही रोज पाहतो. प्रगणकाने न विचारता 'हिंदू' भरल्याच्या तक्रारीही दर वेळी येतात. कुणाचा वाटा किती, हे त्या एका आकड्यावरून काढता येत नाही, आणि आकड्यावरून आपल्याच माणसांना फितूर ठरवणे तर मुळीच नको.

या कागदी दुभंगाची झळ चळवळीलाही लागली. १९७२ साली दलित पँथर उभी राहिली, आणि दोन वर्षांत राजा ढाले आणि नामदेव ढसाळ वेगळे झाले. त्या फुटीला बुद्ध की मार्क्स म्हणतात, पण तळाशी प्रश्न होता की आपण स्वतःला काय म्हणायचे, दलित की बौद्ध. ढालेंना 'दलित' शब्द धम्माशी विसंगत वाटला. ढसाळांना त्या शब्दात कामगार, भूमिहीन, बाई, आदिवासी सगळे सामावताना दिसले. दोघांचे वाचून आमचा कल ढालेंकडे झुकतो, तरी १९७८ साली विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर मराठवाड्यात घरे जळाली, तेव्हा जाळणाऱ्यांनी दारावरची पाटी बौद्धवाडा आहे की महारवाडा हे वाचले नव्हते, हेही आम्ही विसरत नाही.

आमच्या वाट्याला आले ते त्यामानाने साधे. गणपतीत चाळीतल्या पोरांसोबत वर्गणी मागायला जायचे की नाही? तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतीला देव मानणार नाही म्हणते, मोदकाबद्दल काहीच म्हणत नाही. प्रत्येक घराने आपापला नियम केला. कुठे आरतीला उभे राहायचे पण हात जोडायचे नाहीत, कुठे फराळ खायचा पण आपल्या घरी करायचा नाही, कुठे १४ एप्रिललाच काय ते नवे कपडे. शाळेत सरस्वतीपूजनाला नारळ आणायला सांगितले की आई वहीच्या कागदावर सावित्रीबाईंचे नाव लिहून द्यायची. वर्गात हसे व्हायचे. पण मुलाला त्या वयात एवढे तर कळायचे, की आपल्या घराला प्रश्न विचारायची सवय आहे.

हे सगळे आता लिहायचे कारण असे. येत्या जनगणनेत धर्माबरोबर सर्वांची जातही विचारली जाणार आहे, आणि आमच्या वस्तीत वाद पेटला आहे. एक गट म्हणतो, दोन्ही रकान्यांत 'बौद्ध'च लिहा, जात लिहिणे म्हणजे बाबासाहेबांशी द्रोह. दुसरा गट म्हणतो, भानगड नको, जुने आहे तेच चालू द्या. आम्हाला दोन्ही मान्य नाही. धर्माच्या रकान्यात फक्त 'बौद्ध'. 'नवबौद्ध' नको, 'हिंदू' तर नकोच. १९९० नंतर तसे लिहिण्याने केंद्राचा कोणताही हक्क जात नाही, हे दर घरी सांगावे लागते आहे, कारण तेव्हाची भीती अजून म्हाताऱ्यांच्या हाडात आहे. जातीच्या रकान्यात अनुसूचीतले नाव, महार. बौद्ध नावाची जात त्या यादीत नाही आणि असणारही नाही, धम्मात जातच नाही. पहिल्या रकान्यात आम्ही काय मानतो ते लिहायचे आहे. दुसऱ्यात या देशाने आमचे काय केले त्याची नोंद आहे, आणि ती नोंद खोडली तर हिशेब मागायचा कशाच्या आधारावर?

परवा एका घरी हे समजावत असताना ऐंशीच्या पुढच्या आजींनी विचारले, 'म्हंजी महार बी लिव्हायचं आन् बौद्ध बी?' आम्ही हो म्हटले. त्यांच्या शिकलेल्या नातीला ते पटले नाही. तिचे म्हणणे, माझा जन्म महार म्हणून झालाच नाही, मग मी ते नाव का लिहू? दोघी अजून भांडत आहेत. प्रगणक दाराशी येण्याआधी त्या घरी आम्ही पुन्हा जाणार आहोत, १९५० च्या आदेशाची आणि १९९० च्या दुरुस्तीची प्रत घेऊन.